फुफ्फुसाला तालीम नसते

अलका, तुझ्या जाण्याची चार ओळींची बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या पानावर आली. सहकाऱ्यानं लिहिली, मी तपासली. नाव, वय, शिक्षण, मोठ्या जनावरांची डॉक्टर म्हणून केलेलं काम, मागे आई आणि भाऊ. एकही चूक नव्हती. बदल सुचवावा असा एकच शब्द होता आणि तो मी सुचवला नाही. ‘फुफ्फुसाच्या दीर्घ आजारानं’ असं छापून आलं. दीर्घ कोणासाठी? आम्हाला तो कळला तेव्हा त्यातला बराचसा काळ तुझा एकटीनं काढून झाला होता.

त्या चार ओळींत जे बसलं नाही ते तुलाच लिहिते आहे. यातल्या निम्म्या गोष्टींवरचा आपला वाद अर्धवट राहिला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतल्याशिवाय मजकूर पुढं सोडायचा नाही, ही माझी सवय. तू तिची चेष्टा करायचीस. आता दुसरी बाजू बोलणार नाही, तेव्हा तुझी वाक्यं मला आठवतात तशी मांडते. चुकलं तर दुरुस्त करायला तू नाहीस, याची नोंद घेऊन.

शेवंतीपासून सुरुवात करावी लागेल.

आंबिवलीला बबन भोईरच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. तिथं त्याची पांढरी घोडी बांधलेली असते. वरातीची घोडी. कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी नवरदेवांचे फोटो तिच्या पाठीवर काढलेले आहेत. गेल्या उन्हाळ्यात, लग्नांचा मोसम संपता संपता, तिला खोकला झाला आणि बबननं तुला बोलावलं. तू मला स्कूटरवर मागं बसवलंस. रविवार होता. “चल, तुला फुकटची बातमी दाखवते,” म्हणालीस.

तिथं पोचल्यावर तू पिशवीतून कचऱ्याची मोठी काळी प्लॅस्टिकची थैली काढलीस आणि ती शेवंतीच्या नाकातोंडावर धरलीस. शेजारपाजारची माणसं कुंपणापाशी जमा झाली. बबनची आई ओरडली, “अगो बाय, मारतेस काय तिला?” तू कानात नळ्या घालून घोडीच्या बरगड्यांवर वाकली होतीस, म्हणून उत्तर मला द्यावं लागलं. मला काहीच माहीत नव्हतं. नंतर तू समजावलंस. थैलीतली तीच ती हवा घेऊन घोडी खोल श्वास घ्यायला लागते आणि मग एरवी लपलेला आवाज ऐकू येतो. थैली काढल्यावर नळ्या तू माझ्या कानात घातल्यास. आत बारीक शिट्टी वाजत होती, सायकलच्या ट्यूबमधून हवा गळावी तशी.

“दमा आहे,” तू बबनला म्हणालीस. “माणसाला होतो तसाच. तुझ्या पेंढ्यानं झालाय.”

माळ्यावरचा एक भारा तू खाली ओढलास आणि त्याच्या तोंडासमोर झटकलास. उन्हात पांढरी धूळ उठली, पिठासारखी. ती बुरशी होती. तुझ्या तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. आता मात्र तेच दिसतं.

पेंढा भिजवून दे, खाणं उंच टांगू नकोस, जमिनीवर घाल, असं तू त्याला सांगितलंस. आणि मग वरातीच्या दोरीवर आलीस. वरातीत घोडीची मान कमानदार दिसावी म्हणून लगामाची दोरी आखूड करून खोगिराला बांधतात. मिरवणूक संपेपर्यंत तिला डोकं खाली घालता येत नाही. तू म्हणालीस, घोडा दिवसाचा मोठा भाग मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. छातीत जमलेला चिकटा मान खाली असली की उताराला लागून नाकावाटे बाहेर येतो.

“घोड्याच्या छातीची मोरी नाकात असते, बबन. डोकं वर बांधलंस की मोरी तुंबली. वर तुमचे फटाके, वर त्या डीजेच्या गाडीचा धूर. ती तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, माहितीये ना? नाकानंच घेते. आपल्यासारखं नाक बंद झालं म्हणून तोंड उघडलं, असं तिला नाही.”

बबननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “डाक्टरीनबाय, तुमचा सगला बरोबर. पन घोरीचा डोका खाली आसंल तं नवरदेवाचा फोटो कसा येल? लोकं म्हनतील घोरी आनलीस का म्हस?”

तू हसलीस. मीही हसले. त्या दिवशी निकाल लागला नाही.

परतीच्या वाटेवर डोंबिवलीत शिरताना कारखान्यांकडून तो ओळखीचा वास आला आणि मी म्हटलं, “सगळा दोष त्या पेंढ्याचाच कसा? घोडी वराती याच हवेत करते ना?” तू स्कूटर न थांबवता मान किंचित वळवून म्हणालीस, “पुरावा आण, मग बोल. तुला बातमी पाहिजे, मला घोडी बरी करायचीय. हवा मला बदलता येत नाही. पेंढा भिजवता येतो.” हा वाद आपण पुढेही अनेकदा घातला. कुणी जिंकलं नाही.

दिवाळी झाली आणि बबनचा फोन आला. शेवंतीच्या नाकातून रक्त आलं होतं.

आपण गेलो तेव्हा ती शेडमध्ये उभी होती. नाकपुड्यांवर रक्त सुकलेलं होतं आणि मान तिनं स्वतःच खाली घातली होती. तू तपासलंस आणि मग विचारलंस, “काय केलंस?”

“काय नाय केला.”

“बबन.”

“पलवली,” तो म्हणाला. “रोज सकाली नदीवर नेऊन पलवली. मोसम आलाय बाय. खोकते म्हनून तं पलवली. पलवली का छाती उघरते, दम वारतो. माझा बापूस पन आसाच करायचा. टांगा होता त्याचा कल्यानला.”

तुला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण तू आवाज चढवला नाहीस, उलट खाली आणलास. तू त्याला विचारलंस, “लहानपणी तू किती धावलास?”

“लय.”

“मग छाती दुप्पट झाली का तुझी?”

त्यानं स्वतःकडे पाहिलं. “छाती नाय. प्वाट झाला.”

त्याची आई पदर तोंडाला लावून हसली. तू नाही हसलीस. जमिनीवर बसून, बोटानं मातीत काढून तू त्याला जे सांगितलंस, ते मी इतकी वर्षं ऐकलेल्या कुठल्याही पत्रकार परिषदेपेक्षा स्पष्ट होतं. रोज पळवलं की घोड्याचं हृदय वाढतं. पाय भरतात. पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, जादा रक्त साठवून ठेवते आणि धावायची वेळ आली की ते अंगात सोडते. सगळं शरीर सरावानं तयार होतं. फुफ्फुस होत नाही. ते जन्माला येऊन मोठं झालं तेवढंच राहतं. भरधाव सुटलेला घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. मध्ये थांबून दोन जादा घेऊ म्हटलं तर घेता येत नाही. तयार झालेलं हृदय जोरात रक्त लोटतं, आणि फुफ्फुसातल्या कागदापेक्षा पातळ नळ्या तो दाब सोसत नाहीत. फुटतात.

“पाय मागतात तेवढं फुफ्फुस देऊ शकत नाही,” तू म्हणालीस. “आणि घोडी ‘थांब’ म्हणत नाही. तू टाच मारलीस की ती जाते. म्हणून ‘थांब’ तुला म्हणायचंय, तिच्या वतीनं. फुफ्फुसाला तालीम नसते, बबन. हा मोसम तिला काढू नको.”

बबनचं घर त्या घोडीवर चालतं हे तुला माहीत होतं, मलाही. निघताना त्यानं मान हलवली. तो होकार होता की नुसता निरोप, यावर आपण स्कूटरवर बोललो. तुझ्या मते होकार. मी म्हटलं, मी असते तर ‘भोईर यांनी प्रतिक्रिया दिली नाही’ असं लिहिलं असतं.

त्याच दिवशी तुझ्या इमारतीपाशी तू लिफ्टसमोरून पुढं गेलीस आणि जिना चढायला लागलीस. तू चौथ्या मजल्यावर राहायचीस. मी मागून आले. दुसऱ्या मजल्यावर तू कठड्याला धरून उभी राहिलीस आणि खिडकीबाहेर काहीतरी बघत असल्यासारखं केलंस. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. तुझ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ओढले जात होते. श्वासाला जोर लागला की शेवंतीच्या पोटावर जी रेघ उमटते ती तूच मला बोट ठेवून दाखवली होतीस. त्यामुळे काय पाहते आहे हे मला कळलं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“आहे थोडं. धूळ.”

“अलका.”

आणि मग तू जिन्यावर बसलीस आणि सांगितलंस. तुझी फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती. व्रण पडलेल्या कातडीसारखी. ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होतीस, एकटी. त्यांनी विचारलं होतं की बुरशी आलेल्या वैरणीशी संबंध येतो का, कबुतरं असतात का, कारखान्यांच्या जवळ राहता का. तू सगळ्याला हो म्हणालीस. कारण निश्चित झालं नाही. आपला हवा-पेंढ्याचा वाद तिथंही तसाच राहिला, फक्त घोडी बदलली.

मी तेव्हा तुझी काळजी करायला हवी होती. मी रागावले. “मग जिने कशाला चढतेस? आत्ता दोन तासांपूर्वी त्या माणसाला काय सांगून आलीस? फुफ्फुसाला तालीम नसते म्हणून?”

तुझं उत्तर तयार होतं. तुझी उत्तरं नेहमीच तयार असायची.

“फुफ्फुसाला नाही गं देत. पायांना देतेय. पाय तयार झाले की त्याच कामाला कमी हवा मागतात. फुफ्फुसावरचा बोजा तेवढा हलका.”

“मग बबननंही तेच केलं.”

वर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, “त्यानं घोडीला विचारलं नव्हतं. मी मला विचारलंय.”

हे वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं याची तुला कल्पना नाही. पहिल्यांदा ते मला पटलं. नंतर शंका आली की तू मला गप्प करायला ते शोधलंस. तुझ्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं. हलका चालण्याचा व्यायाम अशा रुग्णाला सांगतात, पण बेतानं, कुणाच्या तरी देखरेखीखाली, प्राणवायू किती खाली जातो ते बघत. तू हे काहीच करत नव्हतीस. तू चार मजले चढायचीस आणि भिंतीकडे बघत उभी राहायचीस. मला विचारायचं होतं की तुझ्या वतीनं ‘थांब’ कोणी म्हणायचं होतं. हा प्रश्न मी विचारला नाही, कारण तू उठून उरलेला जिना चढायला लागली होतीस आणि मला तुझ्या मागं चढावं लागलं. त्यानंतर तो विचारायची वेळ आली नाही. निदान मला ती आलेली ओळखता आली नाही.

पुढचं लवकर झालं. तुला ठाण्यातल्या ज्या दवाखान्यात ठेवलं तो माझ्या कोपरीच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. रोज ड्यूटीआधी यायचे. तुझ्या पलंगाची डोक्याकडची बाजू कळ दाबून उंच केलेली असायची, कारण आडवं झालं की तुला श्वास लागायचा. एकदा नर्स ती आणखी थोडी वर करून गेली आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “घे. मलाही वर बांधलं. आता नवरदेव तेवढा बोलवा.”

मी हसले आणि लगेच थांबले. तू म्हणालीस, “हस गं. फोटो चांगला येईल.”

नंतर मास्क लागला, त्याच्याखाली पारदर्शक पिशवी फुगायची आणि चपटी व्हायची. तू पिशवीकडे बोट दाखवलंस, मग माझ्या कानांकडे. ऐक, म्हणत होतीस. मी नाही ऐकलं. ऐकायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि असतं तरी ऐकलं नसतं.

ज्या दिवशी तुझं शेवटचं सलग बोलणं झालं, तेव्हा मास्क थोडा बाजूला करून तू दोन वाक्यं बोललीस. आई-भावासाठी नव्हती ती, त्यांच्याशी तू बोलली होतीस. “बबनला सांग, शेवंतीला या मोसमात काढू नको.” मग श्वास घेतलास. बराच वेळ गेला. मला वाटलं संपलं. तेव्हा म्हणालीस, “आणि काढलीच तर दोरी लांब सोड.”

दोन दिवसांनी तू गेलीस. त्यानंतर नर्सनं आधी मास्क काढला, मग कळ दाबली आणि पलंगाचं डोकं हळूहळू खाली आलं. मी तिथंच होते. यावर मला काही म्हणायचं नाही. झालं ते नोंदवलं.

डोंबिवलीच्या स्मशानभूमीत बबन आला होता. पांढरा शर्ट घालून, मागच्या बाजूला उभा होता. मी त्याला गाठलं आणि तुझी दोन्ही वाक्यं सांगितली, ज्या क्रमानं तू बोललीस त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यात कापायचं नाही हे मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पहिल्या वाक्याला बबननं मान खाली घातली. दुसरं ऐकलं आणि वर पाहिलं.

“दोरी लांब,” तो म्हणाला. “आसा बोलली डाक्टरीनबाय?”

“असंच.”

“मंग होयल.”

मला तेव्हाच कळलं की त्यानं कुठलं वाक्य घरी नेलं.

अलका, तू ते दुसरं वाक्य का बोललीस? मला दोन शक्यता दिसतात. एक, तुला बबन ठाऊक होता. तो तिला काढणार हे तू धरून चाललीस आणि होणाऱ्या नुकसानीतलं जेवढं वाचेल तेवढं वाचवलंस. डॉक्टर म्हणून तू आयुष्यभर हेच केलंस. दुसरी शक्यता अशी की तिथवर तुला स्वतःलाच कळलं होतं, न थांबणाऱ्याला ‘थांब’ सांगून काय होतं. पहिली खरी असेल तर तू शेवटपर्यंत तीच होतीस. दुसरी खरी असेल तर जिन्यावरचा वाद तू हरली होतीस आणि मला सांगितलं नाहीस. मला पहिली खरी असायला हवी आहे. म्हणूनच तिच्यावर माझा भरवसा बसत नाही.

काल बबनचा फोन आला. डोंबिवली पूर्वेला वरात होती. “शब्द दिल्याला बाय, मोरता येत नाय. तुमी या. बघा तं खरा.” मी गेले.

शेवंतीला झूल, गोंडे, कपाळावर आरशांची पट्टी, सगळं होतं. दोरी लांब होती. इतकी की मान सहज खाली जाईल आणि तरी खुरात अडकणार नाही. ती बबननं खोगिराला बांधलीच नव्हती, हातात धरली होती. नवरदेव वर बसला. फोटोवाला पुढं आला. शेवंतीनं मान खाली घातली.

“ओ काका, घोडीचं डोकं वर घ्या ना!” फोटोवाला म्हणाला.

“नाय होनार.”

नवरदेवाचे मामा पुढं आले. सोनेरी काठाचा फेटा, घामेजलेले. “नाय होनार म्हणजे? अहो, ही घोडी आजारी आहे काय? लग्नाला आणलीय की मयताला?”

“आजारी व्हती,” बबन म्हणाला. “डाक्टरीनबायचा हुकूम हाय. डोका तिच्या मनानं वर होयल तवा काढा फोटो.”

“कुठंय ती डॉक्टरीण? बोलवा तिला!”

बबननं माझ्याकडे पाहिलं नाही. दोरी हातात तशीच धरून तो म्हणाला, “ती नाय येत आता. हुकूम हाय.”

मामा डीजेवाल्याकडे वळले आणि वरात निघाली. तुला हे ऐकून बरं वाटेल म्हणून लिहीत नाही. बबननं दोरीबद्दल तुझं ऐकलं, हे खरं. विश्रांतीबद्दल ऐकलं नाही, हेही खरं. दोन्ही एकाच घोडीच्या बाबतीत, एकाच संध्याकाळी घडलं. कुठलं आधी लिहायचं हे मला ठरवता येत नाही, आणि हे ठरवणं हेच माझं काम आहे.

चौकात फटाक्यांची माळ लावली. धूर रस्त्यावर बसला. शेवंती थांबली, मान पार जमिनीपर्यंत नेली आणि खोकली. सगळं अंग हलवणारा खोकला. नवरदेवानं खोगिराची कड धरली. पुन्हा खोकली. नाकातून चिकट, गढूळ पाणी रस्त्यावर पडलं. बबन उकिडवा बसला, मोबाइलचा दिवा लावून त्यात रक्त आहे का बघू लागला. मीही बसले. रक्त नव्हतं.

डीजेची गाडी पुढं निघून गेली होती. मागचे लोक विचारत होते की काय झालं.

बबन तसाच बसून, खालूनच मला म्हणाला, “बाय, ह्यो खोकला बरा का वाइट? मोरी साफ होते का अजून बिघरलंय आतमंदी? डाक्टरीनबायनं सांगला आसता.”

तू सांगितलं असतंस. कान लावून, दोन श्वासांत. मी त्या थैलीच्या दिवशी तुझ्या नळ्या कानात घालून तो आवाज ऐकला होता, आणि तरीही कालचा खोकला मला वाचता आला नाही. एवढी साधी गोष्ट माझ्यासमोर घडत होती आणि ती खरी काय होती हे सांगणारं माणूस शहरात उरलं नव्हतं.

“उतरवा त्याला,” मी बबनला म्हटलं.

“कोनाला?”

“नवरदेवाला. उतरवा. आणि थांबा.”

बबन उठला. त्यानं वर हात केला आणि त्या मुलाला म्हणाला, “उतर रे दादा, पाच मिन्टं. घोरीला दम घेऊ दे.” मुलगा गोंधळून मामांकडे बघत होता. मग शेरवानी सावरत खाली उतरला.

वरात थांबली. शेवंती डोकं खाली घालून उभी होती. आम्ही तिच्या पोटावरची ती रेघ बघत होतो.